वेणूचा ओला हत्ती

वेणूच्या घरात ऊन येतच नसे. दोन उंच गोदामांच्या मधल्या बोळात तिची इवलीशी खोली होती. सूर्य वरून जायचा, पण खाली डोकावायचा नाही. वेणूची आई गजरे करून विकायची. मोगऱ्याच्या कळ्यांना ती गार सावली फार मानवायची. पण कपडे वाळत नसत, गोधडी वाळत नसे, आणि वेणू पुष्कळदा दमट फ्रॉक घालूनच शाळेत जायची.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. डब्यात नुसती चटणी-भाकरी आहे, हे सगळ्यांना दिसतं. त्याचं तिला काही वाटत नसे. पण आमच्याकडे ऊनसुद्धा नाही, हे कसं सांगायचं? ऊन तर फुकट मिळतं! म्हणून ती गप्प राहायची, आणि त्या गप्प राहण्यानेच यंदा सगळा घोटाळा झाला.

त्याचं असं झालं. सहावीच्या वर्गाला देवयानीबाईंनी एक गमतीचा प्रकल्प दिला: बाहुल्यांचं नाटक. गोष्ट मुलांनीच रचायची, बाहुल्याही मुलांनीच करायच्या. वेणूच्या गटाने आंघोळीला घाबरणाऱ्या हत्तीची गोष्ट रचली. नसीमने लाल-जांभळ्या चिंध्यांची झूल शिवायला घेतली. कुणी गाणं रचलं, कुणी निळ्या-निळ्या कागदाची नदी कातरली. हत्तीचं डोकं कुणी करायचं? सगळ्यांनी वेणूकडे बोट दाखवलं, कारण वर्गात तिच्याइतका चांगला हात कुणाचाच नव्हता.

“घरी कर आणि उन्हात कडकडीत वाळवून आण हं,” बाई म्हणाल्या.

वेणूने मान डोलावली. मान डोलावण्याइतकं सोपं जगात दुसरं काही नाही!

तिने रद्दी भिजवली, कुटली, तिच्यात मेथीची पूड कालवली आणि मऊ मऊ लगदा केला. हत्ती कसा, गुबगुबीत हवा. म्हणून तिने लगदा चांगला जाडजूड थापला, त्याला सुपाएवढे कान लावले आणि वळणदार सोंड काढली. फार गोड दिसत होता हो तो! पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ओला. तिसऱ्या दिवशीही ओलाच. प्रयोग उद्यावर येऊन ठेपला, तरी सोंड दाबली की वेणूचं बोट आत जात होतं.

हत्ती नाही तर नाटक नाही. सुई टोचून टोचून नसीमची बोटं लाल झाली होती, आणि तिला उद्या काय सांगायचं? वर्गात बाई काय शिकवत होत्या, ते वेणूला एक अक्षर कळलं नाही. शाळा सुटल्यावर ती हत्ती छातीशी धरून शाळेमागच्या बागेत गेली. कुठे तरी बोटभर ऊन मिळेल, असं तिला वाटत होतं.

बागेत शेवंतीचे पिवळेधमक गेंद डुलत होते. जास्वंदीने लालचुटूक फुलं मिरवली होती. पण आभाळ राखाडी ढगांनी भरलं होतं आणि जमिनीवर उन्हाचा एक ठिपका नव्हता. वेणू मातीतच बसली आणि रडू लागली.

“अगं, अगं, माझ्या फुलात खारं पाणी पडतंय!” एक चिमुकला आवाज आला.

शेवंतीच्या गेंदात एक परी उभी होती. अंगठ्याएवढी! तिच्या पंखांवर साबणाच्या फुग्यासारखे रंग हलत होते. गुलाबी, हिरवे, मोरपंखी. केसांत चांदीचे कण चमचमत होते. मात्र तिचा चेहरा वेणूपेक्षाही काळजीत दिसत होता.

“मी लुकलुकी,” परी म्हणाली. “तुला तीन इच्छा मिळतील. पण माझे नियम आहेत गं. मी नवं काही करू शकत नाही. कुठून तरी उचलते आणि इथे आणते. सूर्य मावळायच्या आत तू परत दे म्हणालीस, तर जागच्या जागी नेऊन ठेवते. मावळला की मग ते तुझंच, कायमचं. आणि कुठून आणलं, ते तू विचारलंस तरच मी सांगायचं.”

“आणि मी विचारलं नाही तर?”

परीने मान खाली घातली. “कुणीच विचारत नाही.”

वेणूला फार विचार करायला वेळ नव्हता. “मला ऊन दे,” ती म्हणाली.

लुकलुकीने पंख फडकवले आणि पुढ्यात ताटाएवढं सोनेरी ऊन येऊन पडलं. उबदार, चमचमतं, अस्सल ऊन! वेणूने हत्ती त्यात ठेवला. कानांच्या कडा उजळ दिसू लागल्या. वेणू हसली, पण तिचं हसू लगेच मावळलं. हे ऊन आत्तापर्यंत कुणाच्या तरी अंगावर असणार की!

“लुकलुकी, कुठून आणलंस गं?”

“पलीकडच्या गल्लीतून. तिथे शेळीला आत्ताच करडू झालंय. ओलं ओलं आहे अगदी. त्याच्यापुरतंच ऊन होतं तिथे.” परी हळूच म्हणाली, “आता ते कुडकुडतंय.”

“अगं बाई! आधी परत दे ते!”

ऊन गेलं. बाग पुन्हा राखाडी झाली. पश्चिमेला ढगांच्या फटीतून सूर्य खाली खाली सरकताना दिसत होता.

“मग हत्तीच वाळवून दे,” ती घाईघाईने म्हणाली. “एकदम कोरडा कर.”

पंख फडफडले. हत्ती चटकन हलका झाला. वेणूने टिचकी मारली तर टक्क असा आवाज आला. सोंड ताठ, कान कडक, सगळा हत्ती खडखडीत! वेणूने ओठ घट्ट मिटून घेतले. नाहीच विचारायचं. विचारलं की जातंय सगळं. ती उठली आणि फाटकाकडे चालू लागली.

ती फाटकापर्यंत पोहोचली, पण तिथून पाय पुढे पडेना. कोरड्या हत्तीला धरलेले तिचे हात घामाने भिजले होते. कोण ओलं झालं असेल? कुणाचं घर, कुणाचं अंथरूण? आपल्या खोलीतलं अंथरूण कसं गार लागतं, ते तिला माहीत होतं. सूर्याची आता नुसती तांबडी कड उरली होती. वेणू धावत मागे आली.

“कुठून?” ती धापा टाकत ओरडली. “सांग लवकर!”

“शाळेच्या खिचडीच्या खोलीतून. खिचडी रांधणाऱ्या सगुणामावशींच्या चुलीतल्या लाकडांचा कोरडेपणा आणलाय. मावशी उद्या नाटक बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी लाडवांचा रवा भाजतायत. आता त्यांच्या डोळ्यांत नुसता धूर चाललाय.”

“परत दे! लवकर परत दे!”

लुकलुकीने पंख हलवले आणि त्याच क्षणी सूर्य बुडाला. वेणूच्या हातात हत्ती पुन्हा गच्च ओला झाला. सोंड वाकली, लोंबली आणि पचकन मातीत पडली.

आता वेणूला रडूही येईना.

“एक इच्छा उरलीय,” परी म्हणाली.

सगुणामावशींची चूल तर पेटली असेल, वेणूच्या मनात आलं. तिथे ऊब आहे. मागितली तर देतील का? पण सगुणामावशी! पोरं खोलीच्या उंबऱ्याशी जरी आली, तरी त्या उलथनं घेऊन धावायच्या. शिवाय घरी का वाळवला नाहीस, असं त्या विचारणारच, आणि मग ते सांगावं लागणार.

“मला धीर दे,” असं ती म्हणणार होती. पण तिने तोंड उघडलं आणि आधी विचारलं, “धीर कुणाचा आणशील?”

“नसीमचा. तुझ्या जवळपास तिच्यापाशीच आहे. उद्या सगळ्यांपुढे गोष्ट सांगायला साठवलाय तिने.”

“मग नको,” वेणू म्हणाली. “माझं मीच बघते.”

तिने सोंड उचलली आणि धीराशिवायच निघाली. खिचडीच्या खोलीच्या दारात ती उभी राहिली. चूल ढणढणत होती आणि सगुणामावशी लाकडांवर करवादत होत्या.

“आत्ता भिजलेली, आत्ता सुकी! काय चेष्टा लावलीय का? आणि तू कोण गं? काय पायजे?”

“मावशी,” वेणू म्हणाली, “माझा हत्ती ओला आहे. तुमच्या चुलीपाशी ठेवू का? आमच्या... आमच्या घरात ऊन येत नाही. कधीच येत नाही.”

सांगून टाकलं! वेणूने डोळे गच्च मिटले. आता उलथनं येणार, नाही तर हसू ऐकू येणार.

“मग आधी नाही का सांगायचं, खुळे?” मावशी म्हणाल्या. “ऊन येत नाही त्यात तुझा काय गुन्हा? आण इकडं. चुलीवर नको हं, करपंल. हितं वैलावर ठेव.”

वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं भोक. तिथे जाळ नसतो, नुसती चुलीची ऊब पोहोचते. मावशींनी वैलावर तवा पालथा घातला, त्यावर फडकं टाकलं आणि हत्तीला अलगद बसवलं. पिठाची खळ करून दोघींनी सोंड डकवली. “रातभर राहू दे. निखारा विझू देत नाही मी,” मावशी म्हणाल्या. मग त्यांनी वेणूच्या हातावर गरम गरम लाडू ठेवला.

खिडकीत लुकलुकी बसली होती. तिचा चेहरा पहिल्यांदाच हसरा दिसत होता.

“आपण होऊन दिलेलं परत करावं लागत नाही,” ती कुजबुजली. “आणि वेणू, उरलेली इच्छा परीची होते, असाही एक नियम आहे. आजवर कुणी उरवलीच नव्हती.”

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला. वाळलेल्या हत्तीला करडा रंग लागला होता, नसीमची झूल झळकत होती. तरी पडद्यामागे वेणू पुन्हा पुन्हा सोंड चाचपून बघत होती. सोंड टिकेल ना? नसीमने खणखणीत आवाजात गोष्ट सुरू केली. हत्ती नदीपाशी आला, घाबरला, मागे सरला, पुन्हा आला. शेवटी त्याने कागदाच्या नदीत पाय टाकला, आणि वेणूने हत्तीच्या डोक्याला लावलेली काठी वर उचलली.

सोंड वर गेली. टिकली!

तेवढ्यात खिडकीतून लुकलुकी आली आणि हत्तीच्या मस्तकावर उभी राहिली. “ही माझी इच्छा,” ती फक्त वेणूला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली. “हे कुठून आणलेलं नाही गं. हे माझं आहे.”

तिने पंख उघडले, आणि ती सगळीच्या सगळी उजेड झाली. हत्तीच्या सोंडेतून त्या उजेडाचं कारंजं उडालं. सोनेरी, गुलाबी, मोरपंखी थेंब मुलांच्या केसांवर, बाईंच्या खांद्यावर, दारात उभ्या असलेल्या सगुणामावशींच्या पदरावर रिमझिमले. मुलं आनंदाने किंचाळली. ही कुठल्या दोऱ्याची करामत, ते बाई शोधत राहिल्या. कारंजं ओसरलं तेव्हा परी कुठेच नव्हती. काठी तशीच उंच धरून वेणू पडद्यामागे मोठमोठ्याने हसत होती.

बाळांनो, वेणूला मागायला जसे शब्द सुचले, तसे तुम्हालाही सुचोत. आणि ज्याच्या दारात जाल, त्याची चूल पेटलेली असो.