निरोपाचे दूध

“मग मला अडवून ठेवण्यात आपला हेतू तरी कोणता, आचार्य?”

रुद्रदत्ताने हात जोडले होते. परंतु त्या जोडलेल्या हातांमागचा स्वर जाब विचारणाऱ्याचा होता.

आचार्य त्र्यंबकदेव वाळत घातलेली मुळे उलटीपालटी करीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रवरेच्या काठच्या त्या विद्यामठात ते विषविद्या शिकवीत. रुद्रदत्त हा त्यांचा सर्वांत तल्लख शिष्य. अन्नातले, पाण्यातले, अंजनातले, एवढेच काय पण फुलांच्या हारातले विषही तो ओळखी. आणि हे आपल्याला येते, याचा विसर तो कोणाला पडू देत नसे.

“नियम सर्वांना सारखा आहे,” आचार्य म्हणाले. “कोणी वैद्य होवो, कोणी ज्योतिषी होवो. सामान्य विषय पुरे झाल्यावाचून अनुज्ञा नाही.”

“गणित झाले. व्याकरण झाले.”

“इतिहास, न्याय आणि नाट्य राहिले.”

“दारात घोडा उभा आहे, आचार्य! राजधानीचे कारभारी मला न्यायला आले आहेत, ते दुपारपर्यंतच थांबतील. गादीवर सात वर्षांचे पोर बसले आहे, त्याच्या ताटावर नजर ठेवायला विषवैद्य हवा. असे मानाचे पद माझ्या कुळात आजवर कोणाला मिळालेले नाही. आणि मी येथे बसून मेलेल्या राजांच्या वंशावळी घोकू?”

“ते कसे मेले, तेही त्यात आहे.”

रुद्रदत्ताने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

“न्यायसभेत दोन भाऊबंद बांधासाठी भांडतात. दोघेही शपथेवर सांगतात. ते ऐकत बसून मला काय साधायचे?”

“दोघेही शपथेवर?”

“दोघेही.”

“हं.”

“आणि ती नाट्यशाळा! धडधाकट मुले तेथे रडण्याचे सोंग करतात.”

“काही जण फार छान करतात,” आचार्य म्हणाले.

रुद्रदत्ताचा संयम सुटला. जे मनात कुजत होते, ते ओठांवर आले.

“मठात बोलले जाते, आचार्य …”

“काय बोलले जाते?”

“पद्मनाभाचे सर्व सामान्य विषय पुरे झाले.”

“झाले.”

“पद्मनाभ आपल्या बहिणीचा मुलगा.”

“आहे.”

“माझ्या निम्मीही विषे त्याला ओळखता येत नाहीत.”

“निम्म्याहून थोडी कमी येतात. तुझा हिशेब बरोबर आहे.”

“म्हणजे मी येथे अडकलो, की तो तिकडे जाणार!”

“कोणाला तरी जावेच लागेल. राजा लहान आहे.”

ही कबुली नव्हती आणि नकारही नव्हता. रुद्रदत्ताला नेमके तेच सोसवेना.

“आपण नाकारीतही नाही?”

“नाकारले, तर विश्वास ठेवशील?”

…

आचार्यांनी हातांची माती झटकली आणि ते उठले.

“बरे. जा तू. अनुज्ञा दिली.”

ज्यासाठी सकाळपासून वाद घातला, ते इतक्या सहज पदरात पडावे, हे रुद्रदत्ताला खपले नाही.

“त्या तीन विषयांवाचून?”

“त्या तीन विषयांवाचून. निरोपाचे दूध घे आणि नीघ.”

मठाचा रिवाज असा, की निघणाऱ्या शिष्याला गुरूने आपल्या हाताने दूध द्यावे. ते प्यायले, की विद्या पुरी झाली. न पिता जो गेला, तो मठाचा शिष्य म्हणविण्यास पात्र नव्हे. हे दूध पाकशाळेतून, सर्वांच्या देखत येई.

आज आचार्य स्वतःच आतल्या खोलीत गेले. तेथे औषधींच्या बरण्या मांडलेल्या होत्या. त्यांतल्या एकीचे झाकण वाजले … निदान रुद्रदत्ताला तसे वाटले.

ते परतले, तेव्हा त्यांच्या हातात चांदीचा पेला होता.

“पाकशाळेतून का नाही मागविलेत?”

“तुला घाई आहे ना?”

रुद्रदत्ताने पेला घेतला. ओठांना मात्र लावला नाही.

“आचार्य, राग नसावा … पण …”

“तपास. त्याचसाठी तर इतकी वर्षे शिकलास.”

त्याने वास घेतला. दुधावर तांबूस रेषा उमटते का, ते पाहिले. पेला किंचित कलता करून त्यात आपले प्रतिबिंब न्याहाळले. दोन थेंब अग्नीत टाकले. ज्वाला निळी झाली नाही, तडतडली नाही.

“शुद्ध आहे,” तो म्हणाला.

“मग पी.”

…

“का रे थांबलास?”

“या परीक्षा मला आपणच शिकविल्या.”

“मीच.”

“सगळ्या शिकविल्या?”

“आज पहिल्यांदा विचारलेस!” आचार्य प्रथमच हसले. त्यांनी पेला आपल्याकडे घेतला, अर्धे दूध पिऊन टाकले, उपरण्याने ओठ टिपले आणि पेला पुन्हा त्याच्या हाती दिला.

“आता?”

“आपण प्रतिविष आधीच घेतले असेल.”

“घेता येते. तेही मीच शिकविले.”

“थट्टा पुरे, आचार्य!”

“थट्टा कसली? उद्या हा पेला त्या पोराच्या हातात असेल. देणारा त्याचा सख्खा काका असेल, आणि तोही अर्धे पिऊन दाखवील. पोर भुकेले असेल. ते तुझ्याकडे बघून विचारील, ‘पिऊ का?’ ”

रुद्रदत्ताने पेल्यात पुन्हा एकदा डोकावून पाहिले.

दाराबाहेरून कारभाऱ्यांची हाक आली, “अहो विषवैद्य, येता आहात, की घोडा सोडून बैलगाडी जुंपू?”

चाकर मंडळी हसली. रुद्रदत्ताचे कान लाल झाले. तरीही पेला वर गेला नाही. त्याची नजर दुधावरून निघाली आणि हळूहळू आचार्यांच्या बोटांवर येऊन थांबली.

“आपला हात कापतो आहे.”

“कापतो खरा.”

“विष देणाऱ्याचा हात कापतो. शास्त्रात आहे.”

“सत्तरी ओलांडलेल्याचाही कापतो. ते शास्त्रात नसले, तरी आहे. आणि तुझा पाहा.”

रुद्रदत्ताने खाली पाहिले. पेल्यातले दूध थरथरत होते.

“मी … मी भ्यालो आहे.”

“म्हणजे एक विष देणाऱ्याचा, एक म्हाताऱ्याचा, एक भ्यालेल्याचा. कापणारे हात सारखेच दिसतात. त्यांतला कोणता कोणाचा, हे कोणाकडे शिकलास?”

बाहेर घोड्याने टाप आपटली. रुद्रदत्ताने एकदा दाराकडे पाहिले. मग आचार्यांच्या मुद्रेकडे तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. ती मुद्रा शांत होती. त्या शांतपणाचा अर्थ त्याला लागेना.

“कोणाकडेच नाही, आचार्य.”

“मग पिऊ नकोस.”