तांब्याला सोसेल एवढा उजेड

एकदा एका वर्तुळाकार प्रयोगशाळेत एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्येसह क्ष-किरणांच्या दारी आले होते. दारी म्हणण्याचं कारण असं, की हे किरण आपल्या सोयीने भेटत नाहीत. त्या इमारतीच्या पोटात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गरगरत असतात, आणि फिरता फिरता जे तेज सांडतात ते इतकं प्रखर, की दवाखान्यातलं एक्स-रेचं यंत्र त्यापुढे काजवाच. संशोधक अर्ज करून वर्षभर ताटकळतात, तेव्हा कुठे दोन दिवस पदरात पडतात. ऋचाला, म्हणजे त्या शिष्येला, ते मिळाले होते आणि दुसरा दिवस अर्धा सरला होता.

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, एक बोटभर उंचीची वनस्पती उगवते. उन्हाळ्यात ती वाळून काडी होते आणि पाणी मिळालं की पुन्हा हिरवीगार. ऋचाने तिची टोपल्याटोपल्यांनी पानं वाटली, गाळली, पुन्हा गाळली, आणि त्यातून काही थेंब प्रथिन हाती आलं. त्या प्रथिनाच्या एकेका रेणूत हजारो अणू असतात, पण तांब्याचा अणू एकच. बाकीचा सगळा पसारा जणू त्या एकाला बसायला आसन हवं म्हणून मांडलेला. ते तांबं कोणत्या स्थितीत आहे, एवढंच तिला पाहायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हजारोंच्या गर्दीत तो एक अणू शोधायचा कसा? माणसाच्या बुद्धीला हात जोडावेत ते इथे. लग्नाच्या भरल्या मांडवात कुणी “अहो गोगटे” अशी हाक मारली, तर मान कोण वळवतं? गोगटेच. तशी प्रत्येक धातूची हाक निराळी. किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली की एका ठरावीक ठिकाणी तांबंच तेवढं जागं होतं. लोखंड, जस्त ढिम्म बसून राहतात. आणि तांबं मान कशी वळवतं, यावरून ते भरलेलं की रितं, म्हणजे आपला एक इलेक्ट्रॉन राखून आहे की देऊन बसलंय, तेही कळतं. त्याच्या शेजारी कोण किती अंतरावर बसलंय, हेसुद्धा कळतं. डोळ्यांनी कधीच न दिसणाऱ्या वस्तूची एवढी चौकशी करता येते, याचं मला आजही नवल वाटतं.

ह्या वनस्पतीच्या साऱ्या भावकीत हे तांबं रितं असतं. हिच्यात मात्र ते भरलेलं आहे आणि म्हणूनच ही वाळूनही मरत नाही, असा ऋचाचा तर्क होता. तो खरा ठरला, तर परदेशातल्या एका मोठ्या संस्थेचं दार तिच्यासाठी उघडणार होतं. इथली शिष्यवृत्ती संपत आलेली, पुढचं काहीच ठरलेलं नाही. आणि सकाळपासून पडद्यावरच्या आलेखात डावीकडे एक उंचवटा उगवत होता. भरलेल्या तांब्याची ती खूण. किरणांची ऊर्जा खालून वर नेण्याच्या फेरीगणिक तो वाढत होता, आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली की रेघ कशी देखणी येत होती. शेजारच्या दालनात काम करणारा तिचा सहाध्यायी निरंजन तर अभिनंदनही करून गेला.

आचार्य बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पहिल्या फेरीत हा केवढा होता गं?”

“नव्हताच म्हणा ना, सर. पण एका फेरीत रेघ थरथरतेच. म्हणून तर आपण बेरीज करतो.”

आचार्यांनी मान हलवली. किरण बंद करवले, यंत्राच्या कोठीचं दार उघडलं आणि किरणांच्या वाटेत ॲल्युमिनियमचा कागद आडवा चिकटवला. हो, तोच, आपण पोळ्या गुंडाळतो तो. एकावर एक चांगले चार-सहा पदर. दार लावून किरण पुन्हा सोडले, तेव्हा ती देखणी रेघ पार विस्कटून गेली.

ऋचाचा चेहरा उतरला, मग तापला. “सर, या उजेडासाठी मी वर्षभर नाक घासलं आणि तुम्ही त्याच्यावर पडदा टाकता? संध्याकाळी दुसरे लोक येतील. एवढ्या मिणमिणत्या किरणात काय दिसणार आहे मला?”

“आता नमुना बदल,” आचार्य म्हणाले.

“शेवटचाच उरलाय.”

“ठाऊक आहे मला. बस जरा.” ती बसली नाही. तेव्हा आचार्यच खुर्चीत टेकले आणि सावकाश बोलू लागले.

“हे किरण फार मोठे आहेत, मुली. मीही त्यांच्यापुढे जन्मभर नतमस्तक आहे. पण ते नुसते पाहून परत जात नाहीत. वाटेतल्या पाण्याच्या रेणूंना धक्का देतात, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि सुटलेला इलेक्ट्रॉन आसरा शोधत तांब्याच्या पदरात येऊन पडतो. रितं तांबं भरून जातं. खूण जर मुळापासून तिथे असती, तर ती पहिल्या फेरीइतकीच शेवटच्या फेरीतही उंच असती. ही वाढत गेली. म्हणजे सकाळपासून आपण पानातलं तांबं पाहत नव्हतो, आपणच घडवलेलं तांबं पाहत होतो.”

“पण नमुना गोठवलेला आहे, सर. द्रवरूप हीलियमच्या कडाक्याच्या थंडीत.”

“थंडीने चोर सावकाश चालतो, थांबत नाही.”

ऋचाने तुटकपणे विचारलं, “तुम्हाला सकाळीच शंका आली असेल. तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू माझं ऐकलं असतंस. तांब्याचं ऐकायचं राहिलं असतं.” आचार्य उठले. “आता कळ तुझ्या हाती. कागद काढून टाकलास, तर मी अडवणार नाही. उंचवटा पुन्हा येईल, रेघही सुंदर येईल. पण त्या रेघेखाली माझं नाव घालू नकोस.”

ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. निष्ठुर वाटतं खरं, पण गुरूने शिष्याच्या वतीने प्रामाणिक राहायचं ठरवलं, तर शिष्याच्या वाट्याला काय उरतं?

ऋचा तिथेच उभी होती. तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलंही नाही. परदेशातलं ते दार, आईला फोनवर दिलेला शब्द, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग तिने डोळे पुसले, शेवटचा नमुना यंत्रात ठेवला, कागदाचा आणखी एक पदर स्वतःच्या हाताने चढवला आणि किरण सोडले. प्रत्येक फेरीला ती नमुना किंचित सरकवत होती, म्हणजे किरण दर वेळी नव्या, न दुखावलेल्या जागी पडावेत. बेरीज करण्याआधी प्रत्येक फेरी वेगळी पाहत होती. रेघ थरथरत, अडखळत वर चढली. पहिल्या फेरीत डावीकडे काही नव्हतं. शेवटच्या फेरीतही नव्हतं.

संध्याकाळी आचार्य आत आले. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. “रितंच आहे, सर. भावकीसारखंच.”

त्या ओबडधोबड रेघेकडे पाहून म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. तिला की त्या तांब्याला, कोण जाणे.

सामान आवरताना निरंजनने दारातून डोकावून विचारलं, “काय गं, जे हवं होतं ते सापडलं का?”

“नाही,” ऋचा म्हणाली, “जे होतं ते सापडलं.” आणि हे सांगताना तिचा आवाज अजिबात थरथरला नाही.

वाचकहो, एखाद्या दुखावलेल्या माणसाला खरं काय घडलं ते विचारायला बसाल, तेव्हा प्रश्नांची धग जरा बेतानेच ठेवा. नाहीतर उत्तर मिळेल, अगदी स्पष्ट मिळेल, पण ते त्याचं नसेल.