शिदूच्या पिकअपची सीट

गिरणीत दळण टाकून उभी होते. पलीकडं दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, "त्या सीटमध्ये इमामचाचानं शिवलं होतं ते..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

झालं. आमच्या आंबेघोळीत ज्याला जे सुचलं ते त्यानं पुढं जोडलं. कुणी म्हणालं चाचाचा जीव, कुणी म्हणालं पीराचा ताईत. म्हणून म्हटलं, गोष्ट मुळापासून सांगावी.

घाटात डांबर पडलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. गावात इंजिनाची गाडी एकच, शिदू गुरवाची पिकअप. घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. सकाळी दुधाचे कॅन घाटाखाली न्यायची, येताना बाजार वर आणायची, अडलेली बाळंतीणही तीच पोचवायची. तिच्या ड्रायव्हरच्या सीटची उजवी बाजू पार बसली होती. खळग्यावर पोत्याची घडी टाकून शिदू गाडी हाकायचा.

एक दिवस उतारावर त्याचा उजवा पाय बधीर झाला. ब्रेकवर पडलाच नाही. गाडी खडीच्या ढिगावर चढून थांबली. माणसं वाचली, कॅन सांडले, घाटभर दूध वाहिलं. असं म्हणतात, त्या वळणावरचं गवत गाई अजून वाट वाकडी करून खायला जातात.

केरबानं उठवलं आणि गाव म्हणालं, शिदू प्यायला होता. शिदू चहासुद्धा पीत नसे. पण बधीर पाय कुणाला काढून दाखवणार? त्याच्या गाडीत कुणी बसेना. बायको गंगू म्हणाली, "विका ती गाडी. नाव तरी राहू दे."

तेव्हा आला इमाम पिंजारी, आमच्या भिंतीला भिंत असलेला. गावोगाव फिरून गाद्या पिंजायचा. असं म्हणतात, त्याच्या पिंजणीच्या तारेचा आवाज आला की शेतातला कापूस बोंडातच फुगायचा. त्यानं शिदूकडं पाहिलंच नाही. सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शिदबा, तुझा पाय ह्या खळग्यानं झोपवलाय."

मग त्यानं अंगणात ओली वाळू पसरली, शिदूला त्यावर बसवलं आणि स्टिअरिंग म्हणून हातात परात दिली. बघायला गाव लोटलं.

"काय रं शिदू, अंडी उबवतोस व्हय?" केरबानं टोमणा मारला.

"उबवू दे की," चाचा म्हणाला. "पिल्लू निघालं की पहिलं तुलाच घाट दाखवतो."

शिदू उठला. वाळूत ठसा उमटला होता, उजवीकडं खोल, डावीकडं उथळ. चाचा म्हणाला, "बघा. दारू प्यालेला माणूस रोज नव्यानं वाकडा बसतो. हा वर्षानुवर्षं एकाच बाजूला बसलाय."

त्यानं सीटच्या चौकटीवर बाजेसारखी सुंभाची वीण घातली. वर काथ्या दाबला. आता हवा कापूस. तो बाजारात, बाजार घाटाखाली, आणि घाट उतरणारी गाडी तर हीच! तरी दुसऱ्या दिवशी सीट तयार. असं म्हणतात, पहाटे एक ढग अंगणात उतरला आणि चाचानं तोच पिंजला.

माझ्या सासूबाईंना मात्र भिंतीवरून डोकावायची खोड. त्यांनी विचारलं, "चाचा, खाट उघडी कशी? गादी कुठाय?"

"पिंजायला काढलीय, भाभी."

पुढं मरेपर्यंत ती गादी पिंजायलाच काढलेली होती. चाचा घोंगडीवर निजायचा.

सीट झाली, तरी गाडीत बसायला कुणी धजेना. एका सकाळी दाट धुकं पडलं आणि नेमकी केरबाची लेक अडली. केरबा शिदूच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. चाचाच आधी गाडीत जाऊन बसला. "चल शिदबा. हे बोलायचे नाहीत."

लेकीला सुईणीबरोबर मागं निजवलं आणि गाडी घाटाला लागली. वळण दिसत नव्हतं. असं म्हणतात, डावं वळण आलं की सीट शिदूची डावी मांडी उचलायची, उजवं आलं की उजवी. शिदू डोळे मिटून घाट उतरला. त्याला विचारलं तर म्हणायचा, "छे हो. पाय जागा होता, एवढंच."

लेक वेळेत दवाखान्यात पोचली, नातू झाला. केरबानं पारावर गूळ वाटला आणि चारचौघांत सांगितलं, "शिदू प्याला नव्हता. मीच वाईट बोललो."

पुढं चाचा गेला, शिदू थकला, गाडी भंगारात निघाली. तेव्हा सीट उसवली. आत ना ताईत, ना जीव. कापसात निळ्या पट्ट्यांच्या कापडाची एक चिंधी अडकली होती. सासूबाईंनी ती लगेच ओळखली. चाचाच्या खाटेवरच्या गादीचं कापड! आता सांगा, 'चाचाचा जीव' म्हणणारे अगदीच खोटं बोलले असं कसं म्हणू?

तो कापूस गंगूनं भंगारात जाऊ दिला नाही, गावात पुढची गाडी आली तिच्या सीटखाली ठेवला. आज आंबेघोळीत गाड्या पुष्कळ झाल्यात. नवी गाडी आली की घरची बाई आपल्या गादीतला मूठभर कापूस ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवते. आणि घाट उतरायच्या आधी, पोरगा कितीही शिकलेला असो, दार उघडून आधी म्हणतो, "चाचा, सरका जरा." मग क्षणभर थांबतो, आणि बसतो.