भागाबाईची भूक आणि गंधपरी

डोंगराच्या पायथ्याशी मोगऱ्याचा एक मळा होता. मळ्याच्या कडेला एक चिमुकली झोपडी होती आणि तिच्यात तिघीजणी राहायच्या: शेवंती, तिची आई आणि भागाबाई. मळा मात्र त्यांचा नव्हता. आई तिथल्या कळ्या खुडायची, गजरे ओवायची आणि दुपार कलली की बाजारात घेऊन जायची. सुई टोचून टोचून तिची बोटं दुखायची. शेवंतीच्या परकराला तर इतकी ठिगळं होती, की त्याचा मूळचा रंग कोणता हे आईलाही आठवत नसे.

भागाबाई म्हणजे घरची मांजर. राखाडी अंगाची, मधासारख्या पिवळ्या डोळ्यांची आणि बरीच म्हातारी. शेवंती जन्मली तेव्हा ती आधीपासूनच घरात होती. त्यामुळे ती स्वतःला शेवंतीची थोरली बहीण समजायची.

पण आता बिचारी टोपलीत मुटकुळं करून पडली होती. तिच्या पोटात गाठ झाली होती. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून ती काढली. जखम छान भरत होती, पण भागाबाई काही केल्या खाईना! ताटली पुढे केली की ती तोंड फिरवून घ्यायची.

सकाळीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषधानं जखम भरते गं बाळ, पण अंगात ताकद येते ती खाण्यानंच. आज रात्रीपर्यंत हिच्या पोटात काहीतरी जायला हवं. नाहीतर उद्या नळीनं भरवावं लागेल, आणि या वयात तिला ते झेपेल की नाही, मला सांगता येत नाही."

तेव्हापासून शेवंती भागाबाईला भरवायच्या खटपटीला लागली होती.

तिनं काय काय म्हणून केलं नव्हतं! आईनं ओढ्यातल्या मासोळ्या बिनमिठाच्या उकडून दिल्या होत्या. कडू औषधाची पूड भागाबाईला कळू नये म्हणून शेवंतीनं ती मासोळीतच कालवली. मग घरातली सगळ्यात चांगली वस्तू तिनं भागाबाईला देऊन टाकली. मोगऱ्याची फुलं! टोपलीच्या काठाला गजरा, उशाशी गजरा आणि ताटलीभोवतीही एक इवलासा गजरा. त्या पांढऱ्याशुभ्र फुलांत भागाबाई नवरीसारखी दिसत होती. पण रुसलेल्या नवरीसारखी.

दुपारी आई बाजारात गेली आणि शेवंती आणखी फुलं आणायला मळ्यात आली. ऊन सोनेरी झालं होतं. हिरव्यागार पानांतून टपोऱ्या कळ्या डोकावत होत्या. तिनं एका कळीला हात लावला, तर कळी शिंकली!

"अगं बाई!" शेवंतीनं पटकन हात मागे घेतला. "झोपली होतीस का? झोप हं, मी नाही खुडत तुला."

तशी कळी अलगद उमलली आणि आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. तिचा झगा पाकळ्यांचा होता आणि पंख दवाच्या पडद्यासारखे चमचमत होते. ती नुसती हलली तरी सुगंधाची झुळूक यायची.

"मी गंधपरी," ती जरा मिरवतच म्हणाली. "या मळ्याचा सगळा सुवास माझा. माझी कळी खुडली नाहीस, म्हणून एक इच्छा माग. पण नियम ऐक आधी. इच्छा मागायची ती स्वतःपुरती. दुसऱ्याच्या पोटात, डोक्यात नि झोपेत मला ढवळाढवळ करता येत नाही. आणि एकदा मागितलं की कुरकुर चालायची नाही!"

"भागाबाईला भूक लागू दे, एवढंच..."

"बघ! म्हणजे तिच्या पोटातच आलं की. ते जमायचं नाही."

शेवंतीचा चेहरा एवढासा झाला. परीला तिची कीव आली. "असं कर, चांदीची सुई माग. आपोआप गजरे ओवील. आईला कष्ट नाहीत आणि तुला नवा परकर!"

शेवंती खाली बसली आणि विचार करू लागली. चांदीची सुई तिला हवीच होती. खोटं कशाला बोला? पण डोळ्यांपुढे भागाबाईच येत होती.

"परीताई," ती अखेर म्हणाली, "मला भागाबाईसारखं नाक दे. तिला काय नकोसं झालंय, ते मला तरी कळेल."

"नाक?" परी चाटच पडली. मग तिनं शेवंतीच्या नाकाच्या शेंड्याला पंख लावला. "घे. आणि मी पण येते तुझ्याबरोबर. पहिली चांदणी उगवेपर्यंत मी कुणाजवळ थांबले, तर दुसरी इच्छा देता येते. सुई तेव्हा माग."

शेवंती आनंदानं उड्या मारत घरी आली, पण दारातच थबकली. बाप रे! घरात शंभर ढोल एकदम बडवावेत तसा मोगऱ्याचा वास अंगावर आला. त्यानं तिचं डोकंच गरगरलं. नाक दाबून ती ताटलीपाशी गेली, तर तिथे औषधाचा कडूजहर वास. आणि मासोळीचा? मासोळीचा वास कुठेच नव्हता.

शेवंतीला रडूच आलं. "मीच तिला उपाशी ठेवलं गं, परीताई!"

"तू तर मायेनं ठेवली होतीस फुलं," खिडकीत बसलेली परी हळूच म्हणाली.

"हो. पण तिला काय हवंय, ते बघितलंच नाही."

डोळे पुसून ती कामाला लागली. सगळे गजरे तिनं बाहेर कुंपणावर टांगले. ताटली राखेनं स्वच्छ घासली. पातेल्यात औषध न घातलेली मासोळी उरली होती. ती चुलीवर कोमट केली आणि बोटांनी मऊ कुस्करली.

तेवढ्यात आई आली. "हे काय गं? फुलं बाहेर?"

"तिला अन्नाचा वासच येत नव्हता, आई. आणि औषध आपण वेगळं देऊ, खाऊन झाल्यावर."

आईनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग फुलांची टोपली बाहेर ठेवली आणि हात खसखसून धुतले. खिडकीतली परी तिला काही दिसली नाही.

शेवंतीनं ताटली पुढे सरकवली. भागाबाईनं मान वर केली, मिश्या हलवल्या. एक पाऊल पुढे टाकलं... आणि खिडकीकडे बघून पुन्हा मागे सरली.

शेवंतीनं हवा हुंगली. मोगरा! अजून मोगरा कुठून? आणि मग तिला कळलं. घरातला शेवटचा मोगरा खिडकीत बसला होता.

बाहेर सूर्य डोंगराला टेकला होता. आता चांदणी उगवायला कितीसा वेळ! शेवंतीनं आईच्या दुखऱ्या बोटांकडे बघितलं आणि मग भागाबाईकडे.

"परीताई," ती अगदी हळू म्हणाली, "तू खूप खूप छान आहेस. पण तू आता जा. तुझ्या वासानं ती खात नाहीये."

"चांदणी उगवलेली नाही, शेवंती. मी गेले की सुईही गेली."

"माहितीये मला. तरी जा."

गंधपरी खिडकीत उभी राहिली. मग इतकी गोड हसली, की तिचे पंख उजळून निघाले. "आजवर जो तो मला थांब म्हणाला. जा म्हणणारी तूच पहिली! रागावले नाही हं मी. ते नाक मात्र परत घेते, नाहीतर मोगऱ्याच्या मळ्यात राहायचीस कशी?"

आणि लख्खकन मोतिया रंगाचा उजेड झाला. झोपडीचा कोपरान् कोपरा त्यात न्हाऊन निघाला. खिडकी रिकामी झाली.

"दिवा कुणी लावला गं?" आईनं वळून विचारलं.

शेवंतीनं ओठांवर बोट ठेवलं. भागाबाई पुढे येत होती. तिनं ताटली हुंगली, पुन्हा एकदा हुंगली आणि गुलाबी जिभेनं एक इवलासा घास उचलला. मग दुसरा. त्या शांत घरात चपचप, चपचप असा आवाज येऊ लागला. शेवंतीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसतही होती.

ताटली चाटूनपुसून लख्ख झाल्यावर भागाबाईनं मान वर केली आणि दोघींकडे बघून ठणकावून म्हणाली, "म्याँव!"

"देते गं बाई, देते," म्हणत आईनं चुलीवरचं पातेलं उतरवलं.