एकविसाव्या खाटेवरचे महाराज

खैरनगरच्या दुर्जय राजानं हुकूम सोडला, "दवाखान्यातल्या गोदूला गावाबाहेर काढा!"

गोदूचा गुन्हा काय, तर एके काळी तोफा डागणारा म्हातारा सुभानजी गोलंदाज खाटेवरून पडला आणि त्याचा उरलासुरला दात गेला. गोदू त्या वेळी दालनाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथं एकाला उलटी होत होती, त्याचं कपाळ धरून उभी होती बिचारी. दुखणेकरी वीस आणि त्यांचं करायला बाया दोनच, गोदू आणि हौसा. धरणार कुणाकुणाला? पण राजाला सांगतो कोण! त्यानं वर आणखी दवंडी पिटवली, की दवाखान्यात बाईनं हात धरल्याशिवाय जो खाटेखाली पाय टाकील, त्याचा पाय आठ दिवस लाकडी खोड्यात अडकवायचा!

हौसा तडक दरबारात गेली.

"महाराज, गोदूला काढलंत तर वीस जणांना मी एकटी कशी पुरणार? उलट आणखी बाया द्या."

"एक गुराखी सगळ्या गावची गुरं सांभाळतो!" राजा म्हणाला.

"गुरं आपल्या पायानं पाण्यावर जातात, महाराज. माझ्याकडच्यांना कूस बदलायची तरी हाक मारावी लागते."

दरबारी फिदीफिदी हसले. त्यांना हसायला काय जातंय? पानसुद्धा दुसऱ्यानं लावून हातात द्यायचं! राजा मात्र तापला.

"जीभ फार चालते तुझी! उद्या सकाळपासून दुपारपर्यंत तू एकटीनं दवाखाना सांभाळायचा. तोवर गोदू वेशीबाहेर; जमलं तर ती परत येईल. पण कुणालाही दुसऱ्यांदा हाक मारावी लागली, की तू हरलीस. मग दोघी गावाबाहेर!"

आता हे होण्यासारखं होतं का? पण हौसा म्हणाली, "कबूल! फक्त पारख कोण करणार? हे दरबारी नाकाला उपरणं लावून दारातूनच पळतील. महाराजांनी स्वतः एक खाट घ्यावी. भीती वाटत नसेल तर!"

"मी? खाटेला भितो?"

झालं! हट्टी माणसाला एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच महाराज शेवटच्या, एकविसाव्या खाटेवर आडवे झाले. शिपाई दाराबाहेर. हौसाच्या मदतीला कुणालाही आत सोडायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद. दिवस उन्हाळ्याचे, म्हणून नव्या दुखणेकऱ्याला आल्या आल्या धने-जिऱ्याचं गार पाणी द्यायची तिथं पद्धत होती. महाराजांना ते भारी आवडलं.

"आणखी आण!"

"जपून, महाराज."

"मला शिकवतेस? लोटा भर!"

लोटा भरला. रिकामा झाला. पुन्हा भरला.

हौसा पहिल्या खाटेपासून ओळीनं कामाला लागली. कुणाची पट्टी, कुणाला पेज, कुणाची कूस. महाराज मजेत बघत होते. मग हळूहळू त्यांची मजा आटली. त्यांनी पायावर पाय टाकला. मग दुसरा पाय वर घेतला.

"हौसा!"

"आले, महाराज! यांची जखम उघडी आहे, एवढी पट्टी बांधते."

महाराजांनी आढ्याकडं पाहिलं. ओठ चावले. आणि मग राहवेना.

"हौसा! अगं ए हौसा!"

हौसानं पट्टीची गाठ मारली, हात धुतले आणि पदराला पुसत दाराकडं निघाली. "दुसरी हाक आली. हरले मी! गोदू वेशीवर थांबली असेल, निघते."

"निघते कुठं? आधी मला खाली उतरव!"

"मी आता इथली कोण, महाराज? तुमचा हात धरायचा हक्क नाही मला."

राजानं हळूच एक पाय खाली सोडला. समोरून सुभानजी बोळक्या तोंडानं ओरडला, "महाराज, पाय वर! खोडा! आठ दिवस खोडा!" वीसच्या वीस माना तिकडं वळल्या. राजानं पाय झटक्यानं वर घेतला.

"बरं बाई, तू हरली नाहीस! ये आता!"

हौसा मागं फिरली आणि पुढच्या खाटेवरच्या माणसाची कूस बदलू लागली. "येते ना. तुमच्या आधी सहा जण आहेत."

"सहा? दुसरी बाई बोलाव!"

"दुसरी तुम्हीच गावाबाहेर काढलीत."

"गोदूला आणा! दोघी राहा!"

"दोघी होतोच की, महाराज. तेव्हाच तर दात पडला."

"मग चौघी!"

"म्हणजे एकीच्या वाट्याला पाच. तुम्ही पाचवे असलात तर?"

राजानं चौघांना पेज भरवायला लागणारा वेळ डोळ्यांसमोर आणला. त्याला दरदरून घाम फुटला.

"नाही जमणार! चार जणांमागं एक बाई! दिवसा आणि रात्रीही! खाटा वाढल्या तर बाया वाढवा! आता तरी ये गं माझे आई!"

"जरा मोठ्यानं सांगा, महाराज. दाराबाहेर शिपाई आहेत."

महाराजांनी असा गळा काढला, की वळचणीची कबुतरं उडाली! मग हौसानं हात धरला, आणि खैरनगरचे महाराज तिच्यामागं तुरुतुरु चालत गेले.

परत आले ते मिशीला पीळ देतच. पोटाबरोबर हट्टही मोकळा झाला होता.

"ते मी अडचणीत बोललो. अडलेल्याचा शब्द धरायचा नसतो. आता निवांत विचार करून हुकूम देतो."

"नको, महाराज! निवांतपणी विचार केलात तेव्हा तुम्हाला गुराखी आठवला. इथं येतो तो अडलेलाच येतो. त्याच्यासाठी हुकूम अडलेल्यानंच द्यावा. अजून शंका असेल तर खाट रिकामी आहे, आणि धने-जिऱ्याचं पाणीही पुष्कळ उरलंय!"

राजा जो हसत सुटला, तो पोट धरून खाटेवर बसलाच! सुभानजीही बोळकं पसरून हसला.

"हुकूम कायम! गोदूला वाजतगाजत आणा! आणि हौसा, तुझं बक्षीस म्हणून दारातली माझी पालखी घे!"

"पालखी तुम्हालाच असू द्या, महाराज. तिचे चार भोई तेवढे द्या. दुखणेकरी उचलायला फार उपयोगी पडतील."

राजाला पुन्हा हसू आवरेना. त्यानं गळ्यातला कंठा काढून हौसाच्या हातावर ठेवला, चारही भोई दवाखान्यात लावले, आणि भर उन्हात पायी वाड्याकडं निघाला. मागून सगळा दरबार, धापा टाकत!