चाळणीत पाणी

"तिला थांबवणार आहात की नाही, बुवा?"

त्र्यंबक पायरीवरूनच बोलला. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

मठाच्या ओट्यावर धोंडबुवा वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"कुणाला?"

"अनसूयेला. कथा सांगायला माझ्याबरोबर इथंच शिकली ना? आता मोबाइलवर सांगते. मठाचं नाव लावून!"

"तूही सांगतोस की."

"मी शास्त्राला धरून सांगतो."

शास्त्राला धरून सांगितलेल्या त्या कथेखाली लोक हात जोडल्याचं चित्र टाकत आणि पुढे सरकत. अनसूयेच्या कथेखाली मात्र झुंबड उडे. बायका तिथं भांडत, हसत, एकमेकींची बाळंतपणं विचारत. दिवाळीला तर त्यांनी आपसात फराळही धाडला. त्र्यंबक हे सगळं रोज वाचायचा आणि रोज त्याचं पोट दुखायचं. त्या पोटदुखीला तो परंपरेची काळजी म्हणायचा.

"बघा तरी!" त्यानं मोबाइल बुवांपुढे धरला.

पडद्यावर अनसूया सांगत होती, "सासूनं सुनेच्या हाती चाळण दिली. म्हणाली, हिच्यात पाणी भरून आण. आता ती बिचारी काय करील गं बायांनो?"

आणि ती गप्प बसली. पुढची कथा उद्या.

खाली उत्तरांचा पाऊस. कुणी लिहिलं, शेण लिंपा. कुणी लिहिलं, सासूलाच धाडा विहिरीवर!

"कणीक लावेल की भोकांना!" बुवा बोलून गेले.

त्र्यंबकाचा चेहरा पडला. इतकी वर्षं त्यानं बुवांपुढे कथा सांगितली. बुवा कधी अवाक्षर बोलले नव्हते. त्याला रडूच यायला लागलं.

"हीच कथा मी सांगतो. ऐका."

सून म्हणजे जीव. चाळण म्हणजे देह. पाणी म्हणजे ज्ञान. श्लोकामागून श्लोक निघाले.

बुवांनी तोंड उघडलं... मिटलं.

पुन्हा उघडलं... पुन्हा मिटलं.

त्र्यंबक सुसाट सुटला होता. सून पाणी घेऊन घरी पोचली, सासूचा उद्धार झाला, फलश्रुतीही उरकली, तेव्हा कुठे त्यानं श्वास घेतला.

"कुठं चुकलो?"

"कुठंच नाही. अक्षर न् अक्षर बरोबर."

"मग लोक तिच्याकडेच का जातात? आणि तुम्हीसुद्धा... मला नाही बघवत, बुवा. तिला थांबवा."

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"ती थांबते रे, बाबा... थांबत नाहीस तो तूच."