धुळाच्या पाठीतलं पाणी

माणदेशातल्या करंजओढा वाडीत, ओढ्याकाठच्या मठात शांभवनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिकत.

वाडीतला धुळा धनगर महाराजांचं दर्शन घेतल्याशिवाय मेंढरं सोडत नसे. अशा भोळ्या भक्ताचे पाय कमरेपासून लुळे पडले! निखारा पायावर पडला तरी त्याला कळलं नाही. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा त्याची बायको लक्काबाई धावली. त्या वर्षी कळप त्याच्यावाचून कोकणात गेला. धुळा झोपडीत पडून रोज विचारी, "आता कुठवर गेली असत्याल गं मेंढरं?"

नरहरशास्त्री वैद्यांनी सहा महिने तेल चोळलं. गुण येईना, तसे ते चारचौघांत धुळाला म्हणाले, "मठाच्या पायऱ्या झिजवल्यास, नाथांनी पायच काढून घेतले की रे!"

महाराजांनी मात्र धुळाच्या कण्यावर एके ठिकाणी बोट टेकवलं.

"इथं पाण्याचे फोड आहेत. मेलेल्या मेंढराचं काळीज तू कुत्र्याला कच्चंच टाकतोस ना?"

"टाकतो जी. समदेच टाकत्यात."

"त्या काळजातल्या फोडांची कीड कुत्र्यात वाढते. कुत्र्याला हात लावताना तिची अंडी तुझ्या हातानं पोटात गेली आणि तिथून कण्यात पोचली. ते काळीज पुरत जा. आणि शहरात जाऊन पाठ उघडून घे."

"महाराजांना आता हाडांच्या आतलंही दिसतं म्हणायचं!" शास्त्री हसले.

शहरात डॉक्टरांनी नेमक्या त्याच जागेतून फोड काढले. पण कण्यातला मज्जारज्जू फार चेपला होता. पाय परत येतील याची त्यांना खात्री नव्हती. वर्ष सरत आलं, पाय हलेनात. शास्त्री म्हणाले, "पाणी निघालं, पाय कुठायत?"

पुन्हा कळप निघायचा दिवस आला. धुळाला बाजेवरून मठापुढे आणलं होतं. मेंढरं ओरडत वळणाआड जाऊ लागली आणि त्याला हुंदका आवरेना. "म्हाराज, एकदा, फकस्त एकदा त्यांच्या मागनं चालू द्या!"

महाराजांचेही डोळे भरले. त्यांनी त्याचा हात धरला. "मग ऊठ बाबा. थांबलास का?"

धुळा उठला! थरथरत दोन पावलं टाकली, तिसऱ्याला मटकन खाली बसला आणि ओरडला, "आई गं! लक्के, दुखलं! काटा रुतला, अन् मला कळलं!" तो हसत होता आणि रडत होता.

निरोपाला जमलेल्या गर्दीतून शास्त्री पुढे झाले. धुळाचा धुळीनं माखलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला. काटा काढायला ते वाकले. काटा निघाला, तरी त्यांनी त्या पायावरचं डोकं उचललं नाही.